समुद्राखालच्या देशाची चौकशी

नात शिकायला परदेशी जाणार आहे, हे घरात सगळ्यांत शेवटी मला कळलं. निदान माझा तसा संशय होता, आणि माझा संशय फुकट जात नाही असा माझा उभ्या जन्माचा अनुभव आहे.

परदेशी हा शब्द लिहितानाही मला हसू येतं. आम्ही राहतो हॅमिल्टनला, न्यूझीलंडात. माझ्या लेखी हाच परदेश. मुलगा दुधाची यंत्रं करणाऱ्या कंपनीत इंजिनीयर, सूनबाई इस्पितळात नर्स. बायको गेल्यावर मुलानं मला इकडं आणलं तेव्हा गाव म्हणालं होतं, म्हातारा आता जगाच्या टोकाला चालला. टोकाला आलो, बसलो, रुळलो. आणि आता या टोकावरून पोरगी उठून दुसऱ्या टोकाला जाणार. मग मी इथं आलो कशाला?

चाहूल मला आधीच लागली होती. मी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की लॅपटॉप मिटायचा. मुलगा आणि सून एकदम भराभरा इंग्रजीत बोलायला लागायचे. मराठी घरात इंग्रजीचा वेग वाढला की समजावं, म्हाताऱ्यापासून काहीतरी झाकायचं चाललंय. त्यांना वाटतं मला इंग्रजी कळत नाही. कळत नाही असं मी कधी म्हणालो नाही. कळतं असंही म्हणालो नाही. माणसानं आपला एक पत्ता झाकून ठेवावा.

माझी शाळा तिसरीत सुटली. पुढचं शिक्षण बैलबाजारात झालं. आमच्या तालुक्याच्या बाजारात मी दलाल होतो, आणि माझ्या शब्दावर बैल बघायच्या आधी खुंट्यावरून सुटायचा, एवढं सांगतो. बैलबाजारात माणूस पहिल्यांदा काय शिकतो, तर डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही. विकणारा शिंगं तासून, रंगवून, तेल चोपडून आणतो. वय झालेल्या बैलाचे दात कानशीनं घासून आणतो. सकाळी मीठ चाटवून पाणी पाजतो, म्हणजे बैल अंगानं भरलेला दिसतो. म्हणून बैल उभा बघायचा नाही, चालवून बघायचा. आणि मालकाला विचारायचं नाही, मालकाच्या शेजाऱ्याला विचारायचं.

आणि भाव तोंडानं बोलायचा नाही. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबायची. भोवती शंभर माणसं उभी असोत, भाव त्या दोघांतच राहतो. हा खेळ मी नातीला ती एवढीशी असताना शिकवला होता. आईबाप ड्युटीला, त्यामुळे शाळा सुटली की ती माझ्या ताब्यात. आणखी किती झोके घ्यायचे, आईस्क्रीमचा एक गोळा की दोन, आमचे सगळे सौदे रुमालाखाली व्हायचे. तिचं मराठी अर्धंमुर्धं, माझं इंग्रजी झाकलेलं. बोटांना दोन्हीची गरज पडत नसे.

तर एका रविवारी जेवताना मुलानं घसा साफ केला.

"आबा, हिला नेदरलँडच्या युनिव्हर्सिटीत ॲडमिशन मिळालीय."

"कुठं?"

"नेदरलँड. हॉलंड म्हणायचे बघा पूर्वी."

"एचएफ गाईवालं?"

"तेच."

त्या देशाचं माझ्या ओळखीचं एवढंच, ती काळी-पांढरी गाय. आमच्याकडं तिची लाट आली तेव्हा मीही विकल्या. दूध बादलीभर, त्याला नाव ठेवणार नाही. पण ऊन तापलं की जीभ बाहेर काढून धापा टाकायची, आणि जनावरांचा डॉक्टर कायम दारात. दिसायला देखणी, सांभाळायला महाग. मी मनात म्हटलं, देशही तसाच असणार.

मुलगा सांगायला लागला. देश केवढासा, पण जगातल्या नावाजलेल्या युनिव्हर्सिट्यांत त्यांच्या किती तरी. एक शेतीसाठी नाव काढून आहे, एक यंत्रांसाठी, एक कैक शतकांची जुनी. बाहेरच्या देशांतली मुलं तिथं रांगा लावतात. हिला मिळाली ती पाण्याच्या शिक्षणासाठी. जगात पहिल्या काहींत.

"पहिल्या काहींत हे कोण म्हणतं?"

"रँकिंग असतं, आबा. सगळ्या जगातल्या युनिव्हर्सिट्यांचे नंबर लावतात."

"कोण लावतं?"

"कंपन्या असतात तशा."

"त्यांचं पोट कशावर चालतं?"

मुलानं आमटीची वाटी तोंडाला लावली. आमटी संपली होती तरी लावली.

मग नातीनं फोनवर मला सिनेमा दाखवला. कालवे, सायकली, काचेच्या इमारती, आणि गवतावर बसून हसणारी पोरं. काळी, गोरी, आपल्यासारखी, सगळ्या रंगांची पोरं, प्रत्येक रंगाचं एकेक, ताटात वाढल्यासारखी.

"यांत एक पण पोरगं तोंड पाडून बसलेलं नाही," मी म्हणालो. "परीक्षा नसतात काय तिथं? आणि पाऊस कुठाय?"

"आबा, हा प्रोमो आहे. प्रोमोमध्ये कोण रडतं?"

"मग मला प्रोमो का दाखवलास? रंगवलेली शिंगं मी उभ्या जन्मात बघितलीत."

"ओह माय गॉड," ती आईकडं वळून म्हणाली, "आबा युनिव्हर्सिटीला बैल म्हणतायत."

सगळे हसले. मी हसलो नाही. मी विचारलं, जो माल चांगला तो दारातून उचलला जातो, मग एवढासा देश जगभर पोरं गोळा करत का फिरतो? त्यांची स्वतःची पोरं कुठं गेली? मुलगा म्हणाला, बाहेरची हुशार मुलं आली की देशाचं नाव होतं. म्हटलं, नाव होतं की गिऱ्हाईक मिळतं? मग कळलं, तिथली बोली वेगळी आहे, पण शिकवणार इंग्रजीत. घरात एक भाषा आणि गल्ल्यावर दुसरी, म्हणजे ते दुकान झालं, असं मी बोलून गेलो. बोलल्यावर आमच्याच जेवणाच्या टेबलाकडं माझं लक्ष गेलं, आणि तो मुद्दा मी तिथंच सोडला.

"आणि राहणार कुठं?"

मुलानं सूनबाईकडं बघितलं. शेवटी सूनबाई म्हणाली, "रूमची तिथं जरा टंचाई आहे, आबा. युनिव्हर्सिटीनं स्वतःच लिहिलंय, जागा मिळाल्याशिवाय येऊ नका."

"म्हणजे बैल घेऊन जा म्हणतात आणि गोठा नाही म्हणतात."

"निदान खरं सांगतात ना?" नात म्हणाली.

खरं सांगतात हेच मला जास्त खुपलं. जो विकणारा एक खोड स्वतःहून सांगतो, तो दुसरी मोठी खोड झाकत असतो. बाजारातली जुनी रीत आहे.

आणि ती मोठी खोड मला लगेच सापडली. त्या देशाचा बराच भाग समुद्राच्या पाण्यापेक्षा खाली आहे! बांध घालून, पंप लावून पाणी बाहेर ठेवलंय. हे मला नातीनंच सांगितलं, तेही कौतुकानं, डोळे मोठे करून. मी घास खाली ठेवला.

"ओढ्याच्या पात्रात घर बांधणाऱ्याला आमच्याकडं कोणी मुलगी देत नाही," मी म्हणालो. "हा तर अख्खा देश पात्रात बसलाय."

"म्हणून तर तिथं जायचंय, आबा! त्यांना पाणी कळतं. ते हीप्स वर्षं, शेकडो वर्षं हेच करतायत. आठवतं ना मावशीचं घर?"

आठवत होतं. तिची मावशी ऑकलंडला अवोन्डेलला राहते. आम्ही तिच्याकडं गेलो की रविवारच्या बाजारातून मेथीच्या जुड्या आणतो. ऑकलंडला पाणी भरलं त्या वर्षी मावशीच्या घरात गुडघाभर गढूळ पाणी शिरलं. नात तिकडं जाऊन आठवडाभर चिखल उपसत होती. परत आली ती पाण्याचं वेड घेऊनच. नाला कुठून जातो, पाणी कुठं तुंबतं, रस्त्यानं जाताना हेच. शाळा संपल्यापासून तलावावर लहान मुलांना पोहायला शिकवायची नोकरी करत होती, तिथंही पाणीच. तिच्या मनात खोट नाही हे मला दिसत होतं. माझा संशय तिच्यावर नव्हता.

खरं सांगायचं तर होता. पण वेगळा. आमच्या धंद्यात इसार दिला की सौदा पक्का. त्यानंतर घरच्या म्हाताऱ्याला विचारायचं ते मानापुरतं. मला वाटत होतं, यांनी तिकडं होय कळवून टाकलंय आणि आता मला विचारतायत ते नैवेद्य दाखवल्यासारखं. देव खात नाही हे सगळ्यांना माहीत असतं.

"शुक्रवारपर्यंत कळवायचंय," मुलगा म्हणाला. "तुमचा आशीर्वाद असला की झालं."

"आशीर्वाद मागाहून. आधी चौकशी."

"कसली चौकशी? सगळं नेटवर आहे, आबा."

"स्थळ बघताना मुलाच्या बापाला विचारतात का, तुझा मुलगा कसा आहे म्हणून? समोरच्या घराला विचारतात. न्हाव्याला विचारतात. आणि सगळ्यांत आधी ज्याचं त्यांच्याशी वाजलंय त्याला विचारतात. मला तो देश सोडून आलेला माणूस गाठून द्या. मग बोलू."

मुलानं कपाळाला हात लावला. पण सूनबाईनं मान डोलावली, कारण तिच्या माहेरच्यांनी माझ्या मुलाची चौकशी अशीच केली होती, आणि पिठाच्या गिरणीवाल्यानं काय सांगितलं होतं ते ती अजून अधूनमधून काढते. तिच्या वॉर्डातल्या एका नर्सचा बाप तिकडचाच निघाला. तरुणपणी इकडं आला, हॅमिल्टनबाहेर गाई पाळल्या, आता एकटा राहतो.

मंगळवारी नात मला गाडीनं घेऊन गेली. गाई आटवायचे, दूध काढणं थांबवायचे दिवस होते, रानं ओली, आभाळ खाली आलेलं. वाटेत मी तिला बजावलं, "मी विचारीन तेवढंच विचारायचं आणि तो सांगेल तेवढंच सांगायचं. दलाली नको."

"स्वीट ॲज," ती म्हणाली. ही इथली बोली. बरं, म्हणजे.

म्हातारा दारातच उभा होता. उंच, पाठीत वाकलेला, माझ्यापेक्षा दोन पावसाळे पुढं असेल. किया ओरा, म्हणजे इथला नमस्कार, म्हणाला, हात पुढं केला. मी हात बघितला. बोटं सांध्यांत जाड, तळवा खरबरीत. म्हटलं, हा निदान गाईंच्या बाबतीत खोटं बोलणार नाही.

आत नेऊन त्यानं कॉफी दिली. कपाटावरून पत्र्याचा डबा काढला, मला एक बिस्कीट दिलं, नातीला एक दिलं, स्वतः एक घेतलं. झाकण टप्पकन लावलं आणि डबा परत कपाटावर.

"बघ," मी नातीला म्हणालो. "एक. मोजून."

"आबा, प्लीज."

"मी फक्त बघतोय. चौकशी इथूनच सुरू होते."

म्हाताऱ्यानं विचारलं असावं, काय म्हणतायत. ती म्हणाली, बिस्कीट छान आहे म्हणतात. इथं माझा कान उभा राहिला. दुभाषा पहिल्याच वाक्याला घसरला. आता पुढं काय काय घसरणार?

तेव्हा मी झाकलेला पत्ता वापरायचं ठरवलं. म्हातारा बोलेल ते कान देऊन ऐकायचं, चेहरा कोरा ठेवायचा, आणि मग ही काय सांगते ते त्याच्याशी जोडून बघायचं. चौकशी त्या देशाची चालली होती, पण आता दोन बैल एकदम तपासायला मिळाले.

"विचार, देश का सोडला?"

तो सावकाश बोलत होता, म्हणून मला धरता आलं. बापाकडं गाई मोजक्या आणि मुलगे चार, जमीन कुठंच नाही, माणसांवर माणसं. नातीनं सांगितलं, "त्यांच्या डॅडकडे काऊज थोड्या होत्या आणि चार मुलगे. लँड नव्हती. खूप गर्दी." बरोबर जुळलं.

"माणसं कशी आहेत?"

म्हातारा हसला. तोंडावर बोलतात म्हणाला. तू जाड झालास असं दारातच सांगतील. चहाच्या वेळेला जाशील तर जेवायला थांब म्हणणार नाहीत. मी नातीकडं बघितलं. ती जेवणाचं गाळेल असं मला वाटलं, कारण जेवायला थांब न म्हणणाऱ्या घराबद्दल आमचं मत तिला माहीत आहे. पण तिनं तेही सांगितलं, जरा खालच्या आवाजात.

"जागा मिळते का राहायला?"

यावर तो खो खो हसला. त्याच्या भावाचा नातू त्याच देशाचा, त्याच भाषेचा, तरी त्याला खोली मिळेना. कोणाच्या तरी अंगणात उभ्या केलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये हिवाळा काढला. थंडी हाडात शिरणारी, पाऊस आडवा, दुपारी अंधार. नात एकेक सांगत गेली. तिचे कान लाल झाले होते. मला आतून बरं वाटत होतं. मी म्हणत होतो तेच निघालं की नाही? आता घरी जाऊन मुलासमोर नुसतं बसायचं होतं, बोलायचंही काम नव्हतं.

मग मी शेवटचा प्रश्न टाकला. चौकशीत हा प्रश्न नेहमी शेवटी असतो, कारण इथं माणूस भिडेखातर बोलत नाही.

"विचार, तुझी नात असती तर पाठवली असती का?"

तिनं विचारलं. म्हातारा खिडकीतून बाहेर बघत बसला. बाहेर कुंपणापाशी एक म्हातारी गाय उभी होती, सगळा कळप विकल्यावर ठेवलेली एकटीच. मग तो म्हणाला, नो. एवढंच.

नो हा शब्द कोणालाही कळतो. पण माझा चेहरा कोरा होता, आणि तिला वाटत होतं, म्हातारा सांगेल ते माझ्यापर्यंत तिच्याच तोंडून पोचणार. तिला वाकवायचं असतं तर इथंच. नुसतं "अवघड आहे म्हणतात" म्हटलं असतं तरी चाललं असतं. तिच्या जागी मी असतो तर तेच म्हटलं असतं.

तिनं कपाकडं बघितलं.

"नाही म्हणतात, आबा. पाठवली नसती."



म्हातारा पुढं आणखी एक वाक्य बोलला आणि हसला, पण ते हसणं आधीसारखं नव्हतं. नातीनं तेही सांगितलं. "म्हणतात, पण मला कोणी विचारतच नाही. त्यांची ग्रँडडॉटर कुठेतरी गेलीय. कुठे ते त्यांना नंतर कळलं."

म्हातारा उठला. कपात परत कॉफी ओतली, कपाटावरचा डबा परत काढला, आणि पुन्हा एकेक बिस्कीट दिलं. दुसऱ्या कपाला दुसरं बिस्कीट. म्हणजे कंजूसपणा नव्हता, रीत होती. मी ते मनात नोंदलं, पण मत बदललं नाही. एका बिस्किटानं मी मत बदलत नाही.

त्यानं मला विचारलं, तुम्ही काय करत होता. आणि मी, नातीनं तोंड उघडायच्या आत, इंग्रजीत बोलून गेलो. "कॅटल. बाय, सेल. ब्रोकर."

नातीचा कप हातात तसाच राहिला.

"आबा! तुम्हाला इंग्लिश येतं?"

"थोडं थोडं."

"थोडं म्हणजे हाऊ मच?"

"तुझ्यापुरतं."

तिला हसावं की रागवावं कळेना. म्हातारा मात्र खुलला. त्याचा बापही गाई विकायला बाजारात जायचा म्हणाला, आणि उठून त्यानं आपली तिकडची रीत दाखवली. आपला तळहात पुढं करायचा, समोरच्यानं त्यावर जोरात टाळी मारायची आणि भाव ओरडायचा. मग यानं टाळी मारून आपला भाव ओरडायचा. टाळीमागून टाळी, जवळ येत येत, सगळ्या बाजारासमोर. शेवटी हात सुटत नाहीत, धरून राहतात. तिथं सौदा झाला.

"सगळ्यांना भाव कळतो की मग," मी म्हणालो.

तो म्हणाला, कळू दे की. लपवायचं काय त्यात?

मी खिशातला रुमाल काढला, त्याच्या हातावर टाकला आणि खिडकीबाहेरच्या गाईचा भाव दाबला. तो चमकला, मग गदगदून हसायला लागला. त्यानं उलट दाबला. मी एक बोट वाढवलं. त्यानं मधेच रुमाल झटकून टाळी मारली. गाय विकायची त्याच्या मनात नव्हती आणि घ्यायची माझ्या मनात नव्हती, तरी पाच-दहा मिनिटं आम्ही तिच्यावर झटापट केली. गाय रवंथ करत होती.

परत येताना गाव जवळ आलं तेव्हा मी म्हटलं, "आता मला एक सांग. तुम्ही तिकडं होय कळवून टाकलंय ना? मला फिरवून आणलंस ते मानापुरतंच ना?"

तिनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. इंजिन बंद केलं.

"नाही कळवलं."

"तुझ्या बापानं?"

"पप्पा रोज म्हणतात, क्लिक कर, आबा काय नंतर येतील लाइनवर. माझं आणि त्यांचं त्यावरून भांडण चाललंय. म्हणून तुम्ही आलात की आम्ही लॅपटॉप बंद करतो. तुमच्यासमोर भांडायचं नव्हतं."

म्हणजे लॅपटॉप मिटत होता तो यासाठी. माझा संशय बरोबर होता, पण त्याच्या आत जे होतं ते मी धरलं नव्हतं.

"मग तू का थांबलीस?"

"तुम्हीच म्हणता ना, बैल विकून मग मालकाला विचारू नये." ती माझ्याकडं वळली. "आबा, तुम्ही नाही म्हणालात तर मी इथेच, हॅमिल्टनच्या युनिव्हर्सिटीत जाईन. रिअली. पण आज जे ऐकलं ते सगळं ऐकून सांगा. मी काही लपवलं नाही. बिस्किटाचं सोडून."

नाही म्हणायला माझ्याकडं मजबूत माल होता. आडवा पाऊस, कॅरॅव्हॅन, जेवायला न विचारणारी माणसं, पाण्याखालचा देश, आणि तिकडचाच माणूस म्हणतो पाठवू नये. या चौकशीवर कुठलंही स्थळ मोडलं असतं. आणि मी नाही म्हटलं असतं तर ती राहिली असती, हेही आता मला कळलं होतं. माझा शब्द चालतो का नाही, याची मला इतके दिवस धास्ती होती. चालतो हे कळल्यावर तो कुठं ठेवावा ते समजेना. ज्याला कोणी विचारत नाही तो म्हातारा नो म्हणून मोकळा झाला. मला तसं मोकळं होता येईना.

मी रुमाल काढला. गिअरच्या दांड्यावर तिचा हात होता, त्यावर टाकला.

ती एकदम लहान झाली. नाक ओढून हसली आणि रुमालाखाली आपली पाचही बोटं माझ्या तळव्यावर दाबली. पाच वर्षं. तीन पहिल्या डिग्रीची आणि पुढची दोन.

मी तिची दोन बोटं दुमडली. तीन.

तिनं एक परत उघडलं.

मी ते परत दुमडलं आणि दाबून धरलं. पुढचं पुढं, त्या दोन वर्षांचा सौदा समोर बसून करू, तोवर मी असलो तर. मग मी माझं एक बोट तिच्या तळव्यात रोवलं. ती बघायला लागली.

"वर्षातून एकदा इथं यायचं," मी म्हणालो. हे तोंडानं बोललो, रीत सोडून, कारण यात गैरसमज झालेला मला चालणार नव्हता. "आणि जागा मिळाल्याशिवाय विमानात बसायचं नाही. घरमालकीण मला फोनवर दाखवायची. मी तिच्याशी बोलेन."

"इंग्लिशमध्ये?"

"तिला कळेल अशात."

तिनं रुमाल झटकला, माझ्या तळहातावर सणसणीत टाळी मारली आणि हात धरून ठेवला.

घरी मुलगा दारातच उभा होता. त्या देशात काय काय वाईट निघालं ते मी त्याला सगळं सांगितलं, एक गोष्ट गाळली नाही. त्याचं तोंड उतरत गेलं. मग नात मागून म्हणाली, "पप्पा, आबा हो म्हणाले."

"हो म्हणाले?" तो माझ्याकडं बघायला लागला. "एवढं सगळं ऐकून? कशावर ठरलं?"

"रुमालाखालचा भाव तिसऱ्याला सांगत नाहीत," मी म्हणालो, आणि हात धुवायला गेलो. ताटावर बसल्यावर पहिली गोष्ट त्याला हीच विचारली, की ते बांध शेवटचे तपासले कोणी आणि कधी.